मालवणच्या टेम्पो-पिकअपसाठी इंजिन ऑइल: निवड, बदली आणि हक्क

मालवण बंदरातून मासळी व बर्फ घेऊन निघणारे पिकअप, सड्यावरील चिरेखाणींतून जांभ्याचे चिरे वाहणारे टेम्पो आणि डंपर, तसेच आंब्याच्या मोसमात बागांतून पेट्या उचलणारे ‘छोटे हत्ती’ यांच्या मालकांना एकच प्रश्न सतत पडलेला असतो: ऊन कडक, धूळ तांबडी आणि फेऱ्या तोकड्या असताना इंजिनात कोणते ऑइल घालावे? गॅरेजमध्ये जाड तेलाचा सल्ला मिळतो, दुकानदार महागडे सिंथेटिक पुढे करतो, तर सर्व्हिस सेंटरमध्ये कंपनीच्या नावाचाच डबा घेण्याचा आग्रह धरला जातो. गोंधळ होतो तो यात तीन निराळे प्रश्न मिसळलेले असल्यामुळे. तेलाची प्रत इंजिनाच्या बनावटीवर ठरते, बदलीची मुदत गाडीच्या कामावर ठरते आणि धुळीचा बंदोबस्त मुळात तेलाचा नसून एअर फिल्टरचा असतो. हे तीन प्रश्न वेगळे केल्यास निवड फारशी अवघड राहत नाही आणि बहुतेकदा ती महागही ठरत नाही.

आपली फेरी खरोखर ‘छोटी’ आहे का?

डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान दाखवतो, तेलाचे नव्हे. पाणी काही मिनिटांत तापते, परंतु चेंबरमधील तेल पूर्ण तापण्यास त्याहून बराच अधिक वेळ लागतो. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा काही अंश, न जळलेल्या डिझेलच्या अंशासह, पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलात उतरतो. तेल चांगले तापले तर हे पाणी पुन्हा वाफ होऊन ब्रीदरवाटे निघून जाते, पण तसे तापण्याआधीच गाडी बंद झाली तर ते तेलातच साठत राहते, ज्वलनातील आम्लांशी मिसळते आणि कालांतराने चेंबरमध्ये चिकट गाळ व बेअरिंगवर गंज धरू लागतो. म्हणून बाहेर मे महिन्याचे ऊन असले, तरी दांडीहून बाजारपेठेपर्यंतची फेरी तेलाच्या दृष्टीने थंडच असते. थंड प्रदेशांच्या तुलनेत किनाऱ्यावर हा त्रास कमी होतो, पण तो टळत नाही.

साधारण १५ ते २० मिनिटांच्या आत संपणारी आणि पुढे इंजिन निवेपर्यंत गाडी उभी राहणारी फेरी ‘छोटी’ समजावी. लिलाव होईपर्यंत बंदरावर इंजिन चालू ठेवून थांबणे याचीही गणना त्यातच करावी, कारण निष्क्रिय चालणारे इंजिन तेलाला पुरेशी उष्णता देत नाही आणि काजळी मात्र वाढवते. याउलट जी गाडी आठवड्यातून दोनदा फोंडा घाटाने कोल्हापूरला किंवा आंबोलीमार्गे बेळगावला जाते, तिचे तेल त्या लांब प्रवासात बऱ्यापैकी कोरडे होते. अशा गाडीला पुढील सूचना काहीशा सैलपणे लावण्यास हरकत नाही.

पहिली पायरी: इंजिन कोणत्या पिढीचे आहे ते पाहावे

डब्यावर ठळक छापलेल्या नावापेक्षा मागील बाजूस बारीक अक्षरात दिलेली प्रत महत्त्वाची असते. एपीआय ही अमेरिकेतील पेट्रोलियम संस्था डिझेल इंजिनांच्या तेलांना ‘सी’ने सुरू होणारी प्रत देते आणि त्या श्रेणीतील पुढचे अक्षर जितके नंतरचे, तितकी ती प्रत नवीन असते. भारतात बीएस-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. आपली गाडी कोणत्या मानकाची आहे हे नोंदणी प्रमाणपत्रावर पाहता येते. त्यानंतर निवड ढोबळमानाने अशी होते:

- बीएस-६ डिझेल, डीपीएफ असलेली गाडी: सीके-४ किंवा वाहन-पुस्तिकेत दिलेली कमी राखेची प्रत. डीपीएफ म्हणजे धुरातील काजळी अडवणारी गाळणी. अडकलेली काजळी ती वेळोवेळी जाळून टाकते, परंतु तेलातील धातुयुक्त मिश्रकांची राख जळत नाही आणि गाळणीत कायमची बसते. सीके-४ तेलात राखेचे प्रमाण वजनाच्या १ टक्क्यापर्यंत मर्यादित असते. सीआय-४ प्रतीवर अशी मर्यादा नसल्याने, पुस्तिका स्पष्टपणे सांगत नसेल तर ते तेल या गाडीत घालू नये.
- बीएस-४ आणि बीएस-३ डिझेल: सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस पुरेसे होते. सीके-४ घातले तरी चालते, कारण ही प्रत जुन्या इंजिनांनाही लागू पडेल अशी बांधलेली आहे. पूर्वी डिझेलमध्ये गंधक अधिक असे आणि त्यातून होणारे आम्ल मारण्यासाठी तेलात क्षाराचा मोठा साठा लागे. आता पंपावरील डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांपर्यंतच असल्याने ती अडचण बरीच ओसरली आहे.
- त्याहून जुन्या गाड्या: पुस्तिकेत सीएफ-४ सारखी रद्द झालेली प्रत लिहिलेली असली, तरी ती शोधत बसू नये. सीएच-४ किंवा सीआय-४ घ्यावे.
- पेट्रोल व सीएनजीवरील छोटे मालवाहू: यांना ‘एस’ने सुरू होणारी प्रत लागते. डिझेल ट्रकचा उरलेला डबा यांत ओतणे ही चुकीची काटकसर होय.

एफए-४ या नावाची आणखी एक प्रत अस्तित्वात आहे. ती मुद्दाम पातळ ठेवलेली असून केवळ तिच्यासाठी बांधलेल्या इंजिनांतच चालते, त्यामुळे पुस्तिकेत तिचे नाव नसेल तर ती टाळावी.

दुसरी पायरी: जाडी, आणि ‘जाड तेल म्हणजे मजबूत तेल’ ही समजूत

१५डब्ल्यू-४० या आकड्यातील पहिला भाग थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो आणि दुसरा भाग १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहते ते दाखवतो. १५डब्ल्यूची थंडीतील चाचणी शून्याखाली २० अंशांवर आणि २०डब्ल्यूची शून्याखाली १५ अंशांवर घेतली जाते. मालवणात पहाटेचा पाराही या आकड्यांच्या जवळपास कधी जात नाही, म्हणून पहिल्या आकड्यावरून येथे फारसा वाद घालण्याचे कारण नाही. नुकसान किंवा फायदा होतो तो दुसऱ्या आकड्याने.

उन्हाळा आहे म्हणून ४० ऐवजी ५० घालावे, हा सल्ला किनाऱ्यावर सर्रास दिला जातो. वास्तविक इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट राखतो आणि बाहेर २८ अंश असोत की ३५, तेलाच्या तापमानात त्यामुळे पडणारा फरक भाराने किंवा चढणीने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ असतो. चिऱ्यांचा लाल भुगा व खारट ओल यांनी रेडिएटरची जाळी बुजली असेल, तर तेल नक्कीच जास्त तापते, पण तेथे उपाय जाळी धुण्याचा आहे, तेल जाड करण्याचा नाही. गरजेपेक्षा जाड तेल सुरुवातीच्या क्षणी टर्बोपर्यंत व इंजिनाच्या माथ्यापर्यंत उशिरा पोहोचते, आणि दिवसाला अनेकदा चालू-बंद होणाऱ्या गाडीत हा क्षण वारंवार येतो. डिझेलही थोडे अधिक जळते.

यावरून निर्णय असा करावा:

- पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० असेल तर तेच घ्यावे. या भागातील बहुसंख्य डिझेल पिकअप व ट्रकसाठी ही जाडी योग्य आहे.
- पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० सांगितले असेल, तर ४० वर जाण्याआधी तीच पुस्तिका उष्ण हवामानासाठी पर्याय देते का ते पाहावे. पर्याय दिला असल्यास भार ओढणाऱ्या गाडीसाठी तो स्वीकारणे शहाणपणाचे ठरते.
- २०डब्ल्यू-५० फक्त अशा जुन्या, झिजलेल्या इंजिनासाठी विचारात घ्यावे, ज्याच्या पुस्तिकेत त्यास मुभा आहे आणि जे दोन बदल्यांच्या दरम्यान बरेच तेल खाते. तेथेही ते औषध नसून इंजिनाचे काम काही महिने लांबवण्याची सोय असते.

सिंथेटिकवर पैसे घालावेत का?

खनिज तेल कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले असते, तर सिंथेटिक तेलाचा मूळ द्रव रासायनिक प्रक्रियेने अधिक एकसारखा बनवलेला असतो, त्यामुळे तो उष्णतेने लवकर बिघडत नाही. टर्बो असलेल्या व भरपूर भार ओढणाऱ्या इंजिनाला त्याचा लाभ होतो. मात्र तेलात मिसळलेले पाणी, डिझेल आणि धुळीचे कण हे सिंथेटिक तेलालाही तितकेच घाण करतात. महाग तेल घालून बदलीची मुदत दुप्पट करणे हा छोट्या फेऱ्यांच्या गाडीसाठी सर्वांत तोट्याचा सौदा आहे. योग्य प्रतीचे साधे तेल वेळेवर बदलणे त्यापेक्षा स्वस्त पडते आणि इंजिनाला अधिक मानवते. सर्व्हो, एचपी, मॅक या सरकारी कंपन्यांच्या तेलांत आणि खासगी नाममुद्रांत, प्रत व जाडी एकच असताना, अशा कामासाठी नावावरून फार मोठा भेद करण्याचे कारण नाही. वरून ओतायच्या ‘इंजिन टॉनिक’सारख्या बाटल्यांपासून मात्र दूर राहावे, कारण तेलातील मिश्रकांचा समतोल आधीच ठरवलेला असतो.

तिसरी पायरी: किलोमीटरऐवजी तासांचा हिशेब

सर्व्हिस बुकातील १० किंवा २० हजार किलोमीटरची मुदत सुरळीत चालणारी गाडी गृहीत धरते. ताशी सरासरी ४० किलोमीटरने चालणारी गाडी १० हजार किलोमीटर २५० तासांत पुरे करते, पण थांबत-थांबत सरासरी २० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचे इंजिन तेवढ्याच अंतरासाठी ५०० तास चालते. तेलाला अंतर कळत नाही, तास कळतात. बहुतेक पुस्तिकांत ‘खडतर वापर’ या मथळ्याखाली धूळ, छोट्या फेऱ्या, सततचा भार आणि दीर्घकाळ निष्क्रिय चालणारे इंजिन यांसाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. हा मजकूर वाचला जात नाही आणि गाडी देतानाही कोणी सांगत नाही. आपली गाडी या चारपैकी दोन अटींत बसत असेल, तर हीच मुदत आपली मुदत आहे असे समजावे. पुस्तिकेत ती नसेल, तर नेहमीच्या मुदतीच्या निम्म्यावर तेल व ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत. फिल्टर ठेवून फक्त तेल बदलल्यास जुने घाण तेल त्यात उरते आणि नवे तेल पहिल्याच दिवशी काळे होते. (डिझेल इंजिनात तेल काळे होणे एरवी स्वाभाविक आहे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच असल्याने केवळ रंगावरून बदलीचा निर्णय घेऊ नये.)

मोठा ताफा असलेल्या मालकांनी वापरलेल्या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. अहवालात सिलिकॉन वाढलेले दिसले तर धूळ आत शिरत आहे, लोह वाढले तर लोखंडी भाग झिजत आहेत, आणि जाडी घटली तर तेलात डिझेल मिसळत आहे असे अनुमान निघते. एका गाडीच्या मालकाला हा खर्च परवडण्यासारखा नसतो, त्याने मुदतच कमी ठेवावी.

पट्टीवर तेल वाढलेले दिसल्यास

बीएस-६ गाड्यांतील सर्वांत फसवा धोका येथे आहे. काजळी जाळण्यासाठी गाळणी खूप तापवावी लागते आणि अनेक इंजिने त्यासाठी सिलिंडरमध्ये थोडे जादा डिझेल सोडतात. दहा मिनिटांत गाडी बंद झाली तर ही प्रक्रिया अर्धवट राहते, पुढच्या फेरीत ती पुन्हा सुरू होते, आणि दरवेळी काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. परिणामी डिपस्टिकवर तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढते. ‘आपली गाडी तेल खात नाही’ म्हणून मालक समाधानी असतो, तेव्हा आतले तेल पातळ होऊन बेअरिंग उघडी पडत असतात.

- दर आठवड्याला, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबून, गाडी सपाटीवर उभी असताना पातळी पाहावी व तारखेसह लिहून ठेवावी.
- पातळी वरच्या खुणेच्या वर गेली किंवा तेलाला डिझेलचा उग्र वास येत असला, तर गाडी भार घेऊन चालवू नये. तेल बदलावे आणि गाळणीची तपासणी करून घ्यावी.
- गाळणीचा दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सलग २० ते ३० मिनिटे स्थिर वेगाने गाडी चालवावी. कसालमार्गे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर जाऊन येण्याइतकी एक फेरी आठवड्यातून मुद्दाम आखल्यास दिवा लागण्याची वेळच कमी येते.
- काजळी जळत असताना धुराडे अतिशय तापते. त्या वेळी सड्यावरील वाळल्या गवतावर किंवा पेंढ्याजवळ गाडी उभी करू नये.

गाळणी काढून पोकळ नळी बसवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो स्वीकारू नये. असा बदल बेकायदेशीर असून पीयूसी, वॉरंटी आणि विमा या तिन्ही ठिकाणी अडचण उभी करतो.

धूळ: खरी लढाई एअर फिल्टरमध्ये

जांभ्याच्या खाणीतील कठीण बारीक कण एकदा हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेले, की कोणतेही तेल बोअर व रिंगांची घासण थांबवू शकत नाही. खाणीवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता पाहावा, पण वरचेवर उघडून झटकूही नये, कारण प्रत्येक उघडझापीत स्वच्छ बाजूला धूळ सांडण्याचा धोका असतो. हवेचा अडथळा दाखवणारा निर्देशक बसवलेला असेल तर तोच प्रमाण मानावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये आणि पंक्चरवाल्याच्या जोरदार हवेने मारू नये. कागदाला पडलेले सूक्ष्म छिद्र डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरपासून टर्बोपर्यंतची रबरी नळी आणि तिचे क्लिप यांची पाहणी अधिक काटेकोरपणे करावी, कारण खाऱ्या वाऱ्याने क्लिप गंजून सैल पडतात आणि धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. नळीच्या आतील बाजूस बोट फिरवल्यावर तांबडी पूड लागली, तर गळती आहे हे निश्चित समजावे.

मासेमारी बंदीच्या काळात

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीत मासळीच्या गाड्या उभ्या राहतात आणि खाणींचे कामही थांबते. ‘गाडी उभीच राहणार, तेल ऑगस्टमध्ये बदलू’ हा विचार उलटा आहे. वापरलेल्या तेलातील आम्ल व पाणी दोन महिने बेअरिंगवर बसून राहते, म्हणून बदली बंदीपूर्वी करावी आणि इंजिन थोडा वेळ चालवून मगच गाडी उभी करावी. दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन ‘फिरवून’ बंद करण्याने पाणी वाढते. चालवायची असेल तर गाडी अर्धा तास रस्त्यावर न्यावी, नाहीतर बॅटरीची तार सोडून ठेवावी.

खरेदी करताना

- सुटे तेल घेऊ नये. सीलबंद डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ परिमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक संपर्क छापलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे.
- झाकणाखालील फॉइल आणि कंपनीचा क्यूआर कोड तपासावा. रिकामा डबा भोसकून किंवा चेपूनच टाकावा, कारण बनावट तेल भरण्यासाठी अशाच डब्यांना मागणी असते.
- तेल गॅरेजमध्ये घातले जात असेल तर डबा आपल्यासमोर उघडण्यास सांगावे आणि बिलावर प्रत, जाडी, लिटर व किलोमीटरची नोंद लिहून घ्यावी.

वॉरंटी आणि ग्राहकाचे हक्क

वॉरंटीच्या काळात पुस्तिकेतील प्रत व जाडी पाळणे आणि बदलीची बिले जपणे हेच आपले मुख्य संरक्षण होय. केवळ ‘बाहेरचे तेल वापरले’ या कारणाने दावा नाकारला गेल्यास, पुस्तिकेतील कोणत्या अटीचा भंग झाला आणि त्यानेच बिघाड कसा झाला, याचे लेखी उत्तर मागावे. तोंडी नकारावर थांबू नये.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी हेतूने केलेल्या खरेदीला साधारणपणे लागू होत नाही, आणि ट्रकमालकांना अनेकदा हेच सांगून परत पाठवले जाते. परंतु त्याच कायद्यातील व्याख्येनुसार, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरणारी व्यक्ती ग्राहक ठरते. स्वतःचा टेम्पो चालवून घर चालवणाऱ्याला बनावट तेलाविरुद्ध किंवा सदोष सेवेविरुद्ध दाद मागता येते, मोठ्या ताफ्याच्या मालकाला मात्र हा मार्ग अवघड जातो. प्रथम १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिने काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते. ती तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगातही चालते आणि मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. पुराव्यासाठी बिल, डब्याची छायाचित्रे आणि इंजिनातून काढलेल्या तेलाचा नमुना स्वच्छ, कोरड्या बाटलीत, तारीख व गाडीचा क्रमांक लिहून ठेवावा. इंजिन उघडण्यापूर्वीच समोरच्या पक्षाला लेखी कळवून पाहणीची संधी द्यावी, अन्यथा भाग उघडल्यानंतर कारण सिद्ध करणे कठीण होते.

काढलेले जळके तेल

वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात, खाणीच्या खड्ड्यात किंवा किनाऱ्यावर ओतण्यास बंदी आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित असल्याने येथे तर त्याचे गांभीर्य अधिक आहे. लाकडाच्या खांबांना व फळ्यांना हे तेल चोपडण्याची जुनी पद्धतही सोडावी, कारण पहिल्या पावसात ते विहिरीच्या आणि खाडीच्या पाण्यात उतरते. तेल झाकणबंद डब्यात पाणी व डिझेल न मिसळता साठवावे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकाला देणाऱ्या गॅरेजमध्येच बदली करून घ्यावी. संकलकाकडून मिळालेली पावती गॅरेजमालक दाखवू शकतो का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.